वाशिष्ठीच्या पुराची सहल: आधी तिथी बघा

चिपळूणला पुराच्या अभ्यासासाठी मुलं न्यायची असतील, तर तारीख शाळेच्या सोयीने ठरवू नका, पंचांग बघून ठरवा. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं. खाडी तुडुंब असली की वरून आलेल्या लोंढ्याला उतार मिळत नाही, तो शहरात पसरतो. 22 जुलै 2021 ला घाटात अतिवृष्टी झाली तेव्हा गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे, मोठ्या भरतीचे दिवस. 'पाऊस फार पडला' एवढंच ऐकून मुलं परतली, तर सहल वाया गेली म्हणायची.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशोब मुलांकडूनच करून घ्या: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हे ढोबळ आहे, आणि गोवळकोट खाडीत खूप आत असल्याने तिथे भरती आणखी उशिरा लागते. किती उशिरा, ते मोजणं हाच पहिला प्रयोग. दर 10 सेंटीमीटरवर रंगाची खूण केलेला बांबू धक्क्याच्या खांबाला बांधा आणि दर 15 मिनिटांनी पातळी लिहा. होडी गेली की लाट बसेपर्यंत थांबा, नाहीतर आकडे उड्या मारतात.

दुसरं काम बाजारपेठेत, पुराची खूण शोधायची. इथे हमखास फसगत होते. गिलावा पाणी वर ओढतो, त्यामुळे भिंतीवरची ओल खऱ्या पातळीच्या वर गेलेली असते. त्यापेक्षा फरशीवर किंवा लोखंडी शटरच्या आतल्या बाजूला राहिलेली गाळाची रेघ भरवशाची. तीही रंगकामात गेली असेल, तर दुकानदारांना विचारा आणि निदान तीन ठिकाणचं जुळवून बघा. खुणांच्या उंचीची तुलना गवंड्याच्या लेव्हल पाइपने करा: 15 मीटर पारदर्शक नळी, त्यात रंगीत पाणी. नळीत एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. वाचताना दोन्ही तोंडं उघडी हवीत. एकावर अंगठा राहिला की पाणी खोटं बोलतं.

पावसाचा आकडाही हाताशी ठेवा. 1 चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर म्हणजे 10 कोटी लिटर.

पण या नदीत फक्त याच खोऱ्याचं पाणी नाही. पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातून पोफळी, कोळकेवाडीकडे उतरतं आणि वाशिष्ठीत येतं. नकाशावर मुलांना ही वाट रंगवायला लावा. आणि म्हणूनच, पाऊस नसला तरी वीजगृहाखालच्या पात्रात मुलांना उतरू देऊ नका; जनित्रं सुरू झाली की पाणी वाढतं. वेग मोजायचा तर एखाद्या पऱ्यावर, म्हणजे छोट्या ओढ्यावर मोजा: 10 मीटरची दोरी, सोडण (वरची साल) न काढलेला नारळ आणि घड्याळ. आलेल्या वेगाला 0.85 ने गुणा, कारण वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात धावतं.