तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॅन झालं, मग आठ दिवस कशाला?

झिजलेला पार्ट थ्रीडी स्कॅनरने मोजायचा आणि तसाच नवा बनवण्यासाठी ड्रॉइंग काढायचं, हे माझं काम. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून इंजिनाचा पार्ट घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक बोटवाला मला हेच विचारतो. "अर्ध्या तासात स्कॅन झालं ना? झेरॉक्सच तर काढायची, मग आठ दिवस कशाला?" त्यांची घाई मला समजते. 31 जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपते आणि त्यानंतर धक्क्याला उभी राहिलेली बोट रोज पैसा खाते.

पण पार्ट आज कसा आहे एवढंच स्कॅनर दाखवतो. नवा होता तेव्हा कसा होता, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाची गनमेटलची बॉडी घ्या. कंपनीकडून ती आता मिळत नाही. चकचकीत भाग स्कॅनरला नीट दिसत नाहीत, म्हणून आधी पांढरा स्प्रे मारतो. एका बाजूने स्कॅन, उलटवून दुसऱ्या बाजूने, मग दोन्ही जुळवायचे. हाती येतात लाखो बिंदू आणि त्यांची त्रिकोणी जाळी. भटके बिंदू काढतो, भोकं बुजवतो. इथे जाळी गुळगुळीत करायचा मोह आवरावा लागतो, नाहीतर धारदार कडाही गोल होतात. खोल भोकांच्या तळापर्यंत स्कॅनरची नजर पोचत नाही, ती मापं मी बोअर गेजनेच, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजणाऱ्या उपकरणानेच घेतो.

खरा वेळ पुढे जातो. बेअरिंगची सीट, म्हणजे ते बसतं ती गोल जागा, स्कॅनमध्ये एका दिशेने 52.3 मिलिमीटर येते, दुसऱ्या दिशेने 52.1. कुठलं धरायचं? दोन्ही नाही. बेअरिंगवर 6205 लिहिलंय, म्हणजे बाहेरचा व्यास 52. सीट 52.00 ते 52.03 मध्येच हवी. फ्लँजच्या, म्हणजे बोल्ट लावायच्या कडेच्या, सहा सारख्या अंतरावरच्या भोकांमधला कोन 59.7 अंश आला, तर तो 60च असणार. पाण्याची वाट मात्र कुठल्या साध्या आकारात बसत नाही. तिथे कॉम्प्युटरमध्ये स्कॅनवरच सरफेस, म्हणजे पृष्ठभाग, ताणतो, फक्त झिजलेला भाग सोडून.

सुरुवातीला एकदा मी स्कॅनवरचंच माप उतरवलं. नव्या बॉडीत बेअरिंग सैल बसलं, सीटमध्येच फिरायला लागलं आणि बोट अर्ध्या वाटेतून परत आली. त्या माणसाचं तोंड मी विसरलेलो नाही. तेव्हापासून एकही माप कारण सापडल्याशिवाय ड्रॉइंगवर लिहीत नाही. ओतकाम कोल्हापूरला होतं. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा नमुना, थोडा मोठा लागतो. तिथून आंबा घाटाने कास्टिंग आलं की मशीनिंग. मूळ माप चुकलं असेल तर एवढी सगळी फेरी वाया.

ड्रॉइंग पाठवण्याआधी, शेवटी कॉम्प्युटरवर तयार झालेलं मॉडेल स्कॅनवर ठेवून फरक रंगात पाहतो. हिरवं म्हणजे जुळलं. निळं म्हणजे तिथली धातू गेलेली, नाहीतर माझी चूक. परवा एका पंपाच्या एकाच बाजूला निळा डाग आला आणि तो मला काही केल्या उलगडेना. म्हणून मालकाबरोबर आलेल्या तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्यांना, स्क्रीनसमोर बसवलं. त्यांनी डागावर बोट ठेवलं. "ओहोटीला खाडीत शिरताना तळ लागतो. पंप वाळू खेचतो, ती ह्याच बाजूने घासते."

झीजच होती. त्या जागी मी मूळ भिंत भरून काढली.