लिस्प-नोंद : सोसायटीची बिले, अपूर्णांक आणि रिस्टार्ट

कॉमन लिस्प ही प्रोग्रामिंग भाषा व्यवहारात कितपत उपयोगी पडते हे पाहायचे असेल, तर खऱ्या आकड्यांचे काम हाताशी हवे. म्हणून घोडबंदर रोडवरील आमच्या गृहनिर्माण संस्थेची मासिक देखभाल बिले काढणारा प्रोग्राम लिहायला घेतला आहे. साधने नेहमीचीच आहेत : एसबीसीएल हा लिस्पचा कंपायलर, ईमॅक्स या संपादकात लिस्प चालवण्यासाठी स्लाइम आणि लायब्ररी उतरवून घेण्यासाठी क्विकलिस्प.

या टप्प्यात सर्वाधिक कामी आले ते अपूर्णांक. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीची) किमान वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.२५ टक्के, म्हणजे दरमहा १/४८०० इतकी असते. लिस्पमध्ये ही संख्या अशीच लिहिता येते आणि दशांशात न बदलता शेवटपर्यंत अशीच टिकते. पाण्याचा खर्च नळजोडण्यांच्या प्रमाणात आणि सेवा आकार सर्वांना समान वाटल्यावर सगळे हिस्से पुन्हा मिळवले, की मूळ रक्कम तंतोतंत परत येते. त्यामुळे चाचणीत ‘जवळपास समान’ अशी पळवाट ठेवावी लागत नाही.

पूर्णांकात आणताना मात्र सावध राहावे. राउंड हे फंक्शन नेमका अर्धा उरला की जवळच्या सम संख्येकडे वळते : ५/२ चे २ होतात आणि ७/२ चे ४. सांख्यिकीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, परंतु अडीच रुपयांचे दोन आणि साडेतीनचे चार कसे झाले, हे वार्षिक सभेत समजावून सांगण्याची माझी तयारी नाही. म्हणून १/२ मिळवून फ्लोअर हे खालच्या पूर्णांकाकडे नेणारे फंक्शन वापरले आहे. फ्लोअर बाकीही दुसरे मूल्य म्हणून परत देते, आणि तिच्यातून १/२ वजा केले की पुढील बिलात ओढायचा फरक आयता मिळतो.

लिस्पच्या मॅक्रोंचे, म्हणजे कोड तयार करणाऱ्या कोडचे, कौतुक सगळीकडे ऐकू येते. मला अद्याप स्वतःचा मॅक्रो लिहावा लागलेला नाही, अर्थात फंक्शन लिहिण्याचे डीफन आणि आवर्तनाचे लूप हे स्वतःच मॅक्रो आहेत ही गोष्ट वेगळी. माझ्या मते लिस्पचे खरे व्यावहारिक बळ तिच्या कंडिशन व्यवस्थेत, म्हणजे चुका हाताळण्याच्या पद्धतीत आहे. १९९४ च्या अन्सी मानकाचा ती भाग आहे. सचिवांकडून येणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये एखाद्या सदनिकेपुढे रकमेऐवजी नुसती आडवी रेघ असते. इतर बहुतेक भाषांत अशी चूक (अपवाद) पकडेपर्यंत एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांची रास उलगडून गेलेली असते आणि चालू काम तिथेच हातचे जाते. येथे हँडलर-बाइंडमधील फंक्शन रास शाबूत असतानाच चालते, आणि ओळ वाचणाऱ्या फंक्शनने रिस्टार्ट-केसद्वारे ‘ही ओळ वगळा’ किंवा ‘ही रक्कम धरा’ असे पर्याय, म्हणजेच रिस्टार्ट, आधीच देऊ केलेले असतात. मी स्वतः चालवताना स्लाइमच्या डीबगरमध्ये रक्कम टाइप करतो आणि बिले तिथूनच पुढे निघू लागतात; रात्री आपोआप चालवायचे असेल, तर हँडलर ओळ वगळून तिची नोंद ठेवतो. वाचणारे फंक्शन दोन्ही वेळी तेच राहते.

आता एसबीसीएलच्या सेव्ह-लिस्प-अँड-डाय या फंक्शनने एकसंध एक्झिक्युटेबल, म्हणजे थेट चालवता येणारी फाइल, तयार करायचे आहे. फाइल कित्येक एमबींची होते, त्याचे विशेष काही नाही. परंतु एसबीसीएल ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते तिच्यासाठीच ती बनवते आणि सोसायटीच्या कार्यालयातील संगणक विंडोजचा आहे, तेव्हा बांधणी तिथेच करावी लागेल. त्यानंतर थकबाकीवरील सरळव्याज आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता सदनिका भाड्याने दिल्यास लागणारे) हे भाग हाती घेईन. हे शुल्क सेवा आकाराच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येते आणि त्या आकारातून महापालिकेचे कर वगळावे लागतात, म्हणून खर्चाची शीर्षके स्वतंत्र क्लासांत मांडण्याचा विचार आहे.