आमची वाटचाल: एका तारेभोवती

वडील सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, होते. मी डिप्लोमा करून तिथेच व्हॅक्यूम पंप दुरुस्तीचा गाळा घेतला. चिंचोळीच्या एका औषध कारखान्यात पंप पोचवायला गेलो, तेव्हा लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या, "दादा, मास स्पेक्ट्रोमीटरचा सोर्सही बघता का?" बघतो म्हणालो, आणि धंद्याची दिशाच बदलली.

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, करून ते वजनानुसार मोजणारं यंत्र. आयन जिथे होतात तो त्याचा सोर्स, मुठीत मावेल एवढी स्टीलची डबी. औषधात उरलेल्या सॉल्व्हंटची वाफ तिच्यात येते. कडेला टंगस्टनची किंवा रेनियमची बारीक तार तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ७० व्होल्ट त्यांना डबीतून आरपार ओढतात. दोन छोटी चुंबकं त्यांना मळसूत्रासारखी फिरवतात, म्हणजे वाट लांबते आणि रेणूंशी गाठ पडायची शक्यता वाढते. बहुतेक सेंद्रिय रेणूंचा इलेक्ट्रॉन काढायला १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. त्याहून जास्त मिळालेली ऊर्जा रेणूला ठरावीक जागी तोडते, आणि त्या तुकड्यांवरूनच तो ओळखता येतो. ७० हा आकडा जगभर सारखा, म्हणून सोलापुरातला आलेख कुठल्याही देशाच्या संग्रहाशी ताडून बघता येतो. शिकागोत आर्थर डेम्पस्टर यांनी १९१८ साली इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं आयन केले, त्याच वाटेवर आमचं पोट चालतं.

हजारात जेमतेम एखादा रेणू आयन होतो, बाकीचे पंप ओढून नेतो. म्हणून डबीत काजळी धरली की हाताशी असलेलं थोडकंही हातचं जातं.

पहिल्याच कामात मी चुकलो. सोर्स चकाचक केला, पण दाराच्या ओ-रिंगवर, म्हणजे हवा रोखणाऱ्या रबरी कड्यावर, कापसाचा एक तंतू राहिला. आमच्या गल्लीत तो हवेतच असतो. आलेखात २८ आणि ३२ या वजनांवर उंच रेघा आल्या, २८ ची ३२ च्या साधारण चौपट. म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन, सरळ हवाच आत येत होती. मला ते वाचता आलं नाही. तार तशीच चालू ठेवली आणि रात्रीत ती जळून तुटली. नवी तार पदरच्या पैशानं घातली.

आता आम्ही पाच जण आहोत. अ‍ॅल्युमिनाची पूड मिथेनॉलमध्ये कालवून डबी घासायची, अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या टाकीत, धुवायची, ओव्हनमध्ये वाळवायची. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. ओ-रिंग भिंगाखाली धरल्याशिवाय दार लावायचं नाही.

वडील दुपारी येऊन बसतात. नवी तार इलेक्ट्रॉन आत जाण्याच्या फटीच्या बरोबर मध्यावर आली का, ते भिंगातून बघतात आणि मान हलवतात. मग आम्ही स्क्रू आवळतो.