खिडकीची सीट

"सगळं गाडीतूनच बघायचं का रे?" नकाशा बघता बघता आईने विचारलं.

बेत असा: नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा, दुसऱ्या दिवशी जव्हारवरून डहाणू-बोर्डीचा किनारा. धरण झालं, समुद्र झाला.

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि बारी गावावर बोट ठेवलं. "इथून कळसूबाई. लोखंडी शिड्या आहेत म्हणे."

१६४६ मीटर! बाबांनी लगेच गुडघ्यांची आठवण करून दिली.

"गुडघे माझे आहेत ना?"

मोठ्यांना सहलीला न्यायचं म्हणजे खिडकीची सीट द्यायची आणि दर तासाला चहा पाजायचा, एवढंच आपल्या डोक्यात असतं. बोर्डीला ओहोटीच्या वेळी लांबवर चालायचं, हेही तिनेच ठरवून टाकलं.

नवरात्रात कळसूबाईवर तोबा गर्दी, म्हणून कोजागरीनंतर निघतोय. ऑक्टोबरच्या उन्हात पहाटे किती वाजता चढायला लागावं?