घरी रोज खेळत असाल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "तुमचा खेळ एवढा चालला, मग रोज रात्री घरी पट मांडून बसत असाल ना सगळे?" हे मला शाळेत मुलं विचारतात, लग्नाच्या पंगतीत पाहुणे विचारतात, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते. नाही बसत. माझ्या घरात मी रचलेला हा पटावरचा खेळ आता कोणी खेळत नाही. हे ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो, म्हणून एरवी मी विषय बदलते. आज नीट उत्तर देते.

खेळ कापसाचा आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या आमच्या गावात दिवाळीपासून ज्यावर रोज वाद होतो तेच त्यात आहे: कापूस आज विकायचा की ठेवायचा. दर फेरीला भावाची चिठ्ठी उलटते. ठेवला तर भाव चढेलही, पण घरात रचलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, उंदीर लागतात, एका ठिणगीची धास्ती असते. घाईनं नेला तर ओलावा आडवा येतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्याटक्क्यानं कपात आणि 12 च्या वर गेला तर गाडी परत. हा नियम मी जसाच्या तसा उचलला. यापेक्षा चुरशीचा नियम मला बसून सुचला नसता.

आणि तो उचलायला लावला काकाजींनी. वडिलांचे धाकटे भाऊ. पट पुठ्ठ्याचा होता, एक चिंचोका म्हणजे एक क्विंटल, तेव्हापासून ते खेळत आले. "दिवाळीच्या आंधी असा भाव कधी भेटला का?" असं म्हणून चिठ्ठी माझ्याकडे फेकायचे. मी चिठ्ठी बदलायची. दुबार पेरणीचा खर्च किती धरायचा, वेचणीला मजूर नाही मिळाले तर काय, यावर जेवणं थंड व्हायची. काकू ओरडायच्या. सगळ्या घराचा आवाज त्या पटावर असायचा.

मग प्रकाशक मिळाला, खेळ दुकानांत गेला, पुन्हा छापावा लागला. लोकांना वाटतं की पैशानं माणसं दुरावली. पैसा फार नाही. या धंद्यात खेळ रचणाऱ्याला साधारण पाच ते आठ टक्के मिळतात, तेही बहुधा घाऊक किमतीवर. उसने मागायला येणारे आले, गेले, त्याचं काही वाटत नाही. दुरावा आला तो कामातून. एक खेळ चालला की पुढचा लगेच हवा असतो, आणि पुढचा खेळ म्हणजे तपासणी: कच्चा खेळ माणसांना खेळायला देऊन पाहायचा. ती करताना रचणाऱ्यानं गप्प बसायचं असतं. नियम समजावायचा नाही, इशारा करायचा नाही. कोण कुठे अडलं, कोणी नियमांचा कागद पुन्हा उघडला, कोणाचं लक्ष उडालं, एवढं टिपायचं.

एका रात्री काकाजी एका चिठ्ठीवर थांबले. चष्मा वर केला, चिठ्ठी दिव्याकडे धरली, पुन्हा हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं: पाचवी फेरी, इथे अडतात. त्यांनी मान वर केली. "तू खेळून राहिली का पेपर तपासून राहिली माहा?" मी म्हटलं, काकाजी, कामच आहे हे. "हाव, काम आहे," म्हणाले, पत्ते उपडे ठेवले आणि गोठ्यात बैलांना पाहायला गेले. भांडण नाही, अबोला नाही. पण त्यानंतर बोलावलं की "आज थकलो" म्हणतात. खरंच थकलेले असतात, त्यामुळे आग्रह तरी कसा करायचा?

क्लाउस टॉयबर यांचा 'कॅटन' हा पटावरचा खेळ 1995 साली आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. तरी पुढची काही वर्षं ते दंततंत्रज्ञाचं आपलं काम करतच होते. घरी बायकोमुलांबरोबर ते खेळ तपासायचे. लोक त्यांच्या ते काम न सोडण्याला सावधपणा म्हणतात. मला त्यात वेगळंच शहाणपण दिसतं: पोट दुसऱ्या कामावर असलं की संध्याकाळचा पट खेळाचाच राहतो.

आणखी दोन गोष्टी गेल्या, त्याही सांगते. जर्मनीत एसेनला या धंद्याचा सगळ्यात मोठा मेळा ऑक्टोबरात भरतो. आमच्याकडे पहिला वेचा, म्हणजे कापसाची पहिली वेचणी, त्याच सुमाराला येतो. सीतादही करायची, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दहीभात ठेवायचा, मगच कापसाला हात लावायचा. लहानपणी ते दही मी नेत असे. आता त्या दिवसांत मी प्रकाशकांच्या निरोपांना उत्तरं देत बसलेली असते, आणि दही भावाची मुलगी नेते.

तिच्यासाठीच तर हा खेळ मांडला होता. पण 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नियम मुलांच्या भल्याचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाचण्या आणि परवान्याचा खर्च छोट्या प्रकाशकाला झेपत नाही, म्हणून माझ्या डब्यावर 14 वर्षांपुढील असं छापलं. तिनं डबा हातात घेतला, तो आकडा वाचला आणि मला विचारलं, "आत्या, मंग मी कधी खेळू?"

आता तपासणी मी अमरावतीला कॉलेजच्या मुलांकडून करून घेते. पोरं हुशार आहेत, मन लावून खेळतात, प्रश्नावली पूर्ण भरून देतात. त्यांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि नाश्ता माझ्याकडे. गेल्या खेपेला मी मुद्दाम पहिल्या वेच्याच्या कापसाचा आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांवर येणाऱ्या हलक्या कापसाचा, भाव एकच ठेवला. कोणाला खटकतं का ते पाहायचं होतं. सगळ्यांनी शेवटपर्यंत खेळ खेळला आणि भाव बरोबर आहेत असं लिहून दिलं. काकाजींनी ती चिठ्ठी पहिल्याच फेरीत फेकली असती.