तुम्ही विचारलंत म्हणून: बीओएमला लेव्हलचे कॉलम का नाहीत

'लेव्हल १, लेव्हल २, लेव्हल ३ असे सरळ कॉलम का नाही केलेत?' प्रत्येक नवीन माणूस हे विचारतो आणि मी दोन वाक्यांत कटवतो. आता एकदाच सगळं लिहितो.

बीओएम म्हणजे कुठल्या वस्तूत कोणते पार्ट किती लागतात त्याची यादी. तिचं टेबल साधं आहे. वरचा पार्ट, खालचा पार्ट, किती नग. लेव्हल, म्हणजे पार्ट वरून कितव्या पायरीवर आहे ते, त्यात नाही कारण ती पार्टला चिकटलेली नसतेच, कुठून बघताय त्यावर ठरते, तोच सील पंपात तिसऱ्या लेव्हलला आणि स्पेअर किटमध्ये पहिल्या. कॉलम केलेत की तीच सब-असेंब्ली प्रत्येक प्रॉडक्टखाली कॉपी होत जाते, मग सील बदलला की बसा शोधत.

आता तुम्ही बोल्ट कमी पडल्याचं प्रकरण काढणार. काढाच.

पंपाला इनलेटचा फ्लँज, आउटलेटचा फ्लँज, दोन्हीला तेच बोल्ट, चार-चार. रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे स्वतःच्याच निकालावर फेरी-फेरीने पुन्हा चालणारी क्वेरी, वरून खाली उतरते, नगांचा गुणाकार करत जाते, रिपोर्टला हवं तेवढंच देते: पार्ट, लेव्हल, नग. त्यामुळे बोल्टच्या दोन ओळी हुबेहूब सारख्या येतात, आणि तशाच यायला हव्यात, कारण नंतर त्यांची बेरीज होऊन आठ व्हायचे असतात. एकाला वाटलं डुप्लिकेट येतायत. त्याने प्रत्येक फेरीच्या ओळी जोडणाऱ्या 'युनियन ऑल' मधलं 'ऑल' काढलं, म्हणजे सारख्या ओळींतली एकच उरते. झालं, दुसरी ओळ गायब, बोल्ट चार. एरर नाही, वॉर्निंग नाही, उलट रिपोर्ट आधीपेक्षा नीटनेटका. परचेसने त्यावर ऑर्डर दिली, आणि असेंब्लीला पंप एका बाजूने उघडे राहिले तेव्हा कळलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'तुमच्या रिकर्जनने घोळ केला' हे मी ऐकून घेतलंय, आणि लॉग दाखवेपर्यंत कोणी ऐकायला तयार नव्हतं. त्याचं वर म्हणणं की 'युनियन' असलं तर लूप (चुकून एखादा पार्ट स्वतःच्याच खाली आला की क्वेरी गोल फिरत राहते तो) तरी थांबतो. नाही थांबत हो! लेव्हलचा आकडा प्रत्येक फेरीत वाढतो, म्हणजे ओळ दर वेळी नवीनच. लूप पकडायला आलेला रस्ता, म्हणजे वरून इथपर्यंतच्या पार्टची यादी, सोबत न्यावी लागते.

पण खरं सांगू का, तो माणूस मूर्ख नव्हता. ती क्वेरी पहिल्यांदा वाचणाऱ्याला कळतच नाही, कॉलमवालं टेबल मात्र कोणीही वाचेल. मी स्वतः आधी कॉलमवालाच होतो, आमचा डेटाबेस, मायएसक्यूएल, जुना होता आणि त्यात रिकर्सिव्ह क्वेरी ८.० पासून आल्या, म्हणजे २०१८. तेव्हाचा मी म्हणायचो, पाच लेव्हलच्या खाली कोण जातंय? जातात. वायरिंग हार्नेस (तारांचा बांधलेला जुडगा) आला की जातात.

आणि हो, एमआरपीसाठी (किंमत नव्हे, कुठला माल किती आणि कधी लागेल त्याचं प्लॅनिंग) प्रत्येक पार्टचा सगळ्यात खालचा लेव्हल मी साठवतोच, तेव्हा 'लेव्हल साठवत नाही' हे पूर्ण खरं नाही. भरीला मोठे रिपोर्ट रखडतात म्हणून रात्री सगळं उलगडून वेगळ्या टेबलात भरून ठेवतो, जे मीच पूर्वी कोणाला करू दिलं नसतं. सकाळी इंजिनिअरिंगने पार्ट बदलला आणि दुपारी परचेसने तेच टेबल उघडलं तर जुनाच पार्ट दिसणार. ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लावला की एका सीलसाठी सगळे पंप परत उलगडत बसतात. सध्या रिपोर्टच्या वर तारीख-वेळ छापतो. ती कोणी वाचत नाही.