आमची वाटचाल: काटा, वजनं आणि चिनी दुकानं

वडिलांनी कास्कावेलला तराजू दुरुस्तीचं काम सुरू केलं ते मॉरिशस स्वतंत्र व्हायच्या आधी. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं चिनी, त्यातही हाक्का समाजाचं. उसाच्या कँपाशी, म्हणजे मळ्यातल्या मजुरांच्या वस्तीशी, ‘लाबुतिक सिनवा’, म्हणजे चिनी दुकान, असायचंच. तांदूळ, मसूर, खारा मासा, सगळा माल सुटा आणि भाव लिव्हचा, म्हणजे अर्ध्या किलोचा. सुटा माल आला की काटा आला, आणि काटा आला की आम्ही. मॉरिशसच्या पंचवीस रुपयांच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे ते सर मोइलिन जाँ आ-शुएन, तेसुद्धा मुळात दुकानदारच!

आमची हत्यारं साधी: कानस, तेलाचा दगड, शिशाची कांडी. दांडीखालची धार बोथट झाली की काटा सुस्तावतो. तिला तेल घालू नका, धूळ चिकटते. कोरडा ब्रश पुरे. आणि पितळी वजनं चिंचेनं घासू नका. आपल्या बायका देवाची भांडी घासतात तशी घासली की वजन झिजतं, मग आम्हाला खालच्या खाचेत शिसं भरावं लागतं.

सुपरमार्केट आली, दुकानदारांची मुलं शिकून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. ते समजू शकतो. पण पोर्ट लुईचा एक आयातदार गावोगाव सांगत फिरला की काट्याचे तराजू बंद होणार, दंड बसणार. असा नियमच नव्हता. लोकांनी उत्तम पितळी काटे भंगारात घातले, आणि भंगार घेणारा तोच! आमचं काम जवळपास संपलं. भावानं हॉटेलात नोकरी धरली.

रिव्हिएर न्वारच्या रस्त्यावरचे आमचे तोंतों, म्हणजे चिनी दुकानदार काका, मात्र त्या आयातदाराला म्हणाले, “कागद दाखव.” तो कुठून दाखवणार? पगार होईपर्यंत कँपातल्या माणसांची उधारी ज्या कार्नेत, म्हणजे वहीत, लिहायचे, त्यातच तोंतोंनी आमच्या घराचं पान उघडलं. तगादा कधी नाही. चिनी नववर्षाला त्यांच्याकडून गातो लासीर, म्हणजे चिकट गोड केक, यायचा, गणपतीला आमच्याकडून मोदक जायचे. ती उधारी आम्ही पै-पैनं फेडली, हे लिहून ठेवतो, कारण गावात वेगळं बोललं जातं.

त्या आयातदाराची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आता आमच्याकडेच येतात. आत मुंग्या शिरलेल्या असतात. दर आम्ही सगळ्यांना एकच लावतो. त्याचा माणूस आला तर पैसे मात्र आधी घेतो.